पाया घालणारा जरुब्बाबेल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात दिलेलं व्याख्यान, स्मरणिकेसाठी थोडं संक्षिप्त करून.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय निवडायची मोकळीक दिली आहे. आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवलेल्या माणसाला अशी मोकळीक देणं धोक्याचं असतं. पण पहिल्या रांगेत आपल्या इतिहासाच्या बाई बसल्या आहेत आणि त्यांचं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहणं मला आजही कळतं. तेव्हा वेळ पाळतो.

मी ज्या माणसाबद्दल बोलणार आहे त्याचं नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. जरुब्बाबेल. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, बंदिवासातून परतलेल्या यहुदी लोकांच्या पहिल्या मोठ्या तांड्याचा हा पुढारी. मोशे सगळ्यांना माहीत असतो, कारण त्याच्या गोष्टीत समुद्र दुभंगतो. जरुब्बाबेलाच्या गोष्टीत असं काही घडत नाही. त्यात वर्गणी आहे, नावांची यादी आहे, अर्ध्यावर थांबलेलं बांधकाम आहे आणि सरकारी पत्रव्यवहार आहे. म्हणूनच आज, या अंगणात, मला त्याची आठवण झाली. का, ते शेवटी सांगतो. तुम्ही येताना डाव्या हाताला पाहिलंच असेल.

आधी पार्श्वभूमी. इसवी सनपूर्व 586 च्या सुमारास बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम शहर पाडलं आणि शलमोनाने बांधलेलं मंदिर जाळलं. त्याआधी अकरा वर्षं, 597 मध्ये, त्याने यहूदाचा तरुण राजा यहोयाखीन याला दरबारी माणसं, सैनिक आणि कारागिरांसह कैद करून नेलं होतं. राजा तेव्हा अठरा वर्षांचा होता. हा जरुब्बाबेलाचा आजोबा.

बॅबिलोनच्या राजवाड्यात जर्मन पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डेवाय यांच्या उत्खननात मातीच्या काही विटकुऱ्या मिळाल्या आणि 1939 मध्ये त्यांचं वाचन प्रसिद्ध झालं. कोठीतून कोणाला किती तेल द्यायचं, याचा तो हिशेब आहे. त्यात यहूदाच्या राजाचं नाव आणि त्याच्या पाच मुलांचा उल्लेख आहे. म्हणजे बायबलमधल्या एका राजाच्या कैदेची नोंद कैद करणाऱ्याच्या रेशनच्या वहीत सापडली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून मोठा आनंद नसतो. कुठलाही शिलालेख थोडी बढाई मारतो, पण तेलाचा हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला बढाई मारायचं काही कारण नसतं.

या घराण्यात, परमुलखात, जरुब्बाबेल जन्मला. त्याच्या नावाचा अर्थच ‘बाबेलचं बीज’ असा लावतात. ज्या मातीने आजोबाला कैदेत ठेवलं, तिचंच नाव नातवाला मिळालं होतं. मायदेश त्याने पाहिलेला नव्हता. थोरल्यांच्या तोंडून ऐकलेला होता, इतकंच.

539 मध्ये पारसचा राजा कोरेश, ज्याला आपण पाठ्यपुस्तकात सायरस म्हणत होतो, त्याने बॅबिलोन घेतलं आणि पुढच्या वर्षी यहुद्यांना परत जाऊन मंदिर बांधण्याची परवानगी दिली, असं एज्राच्या पुस्तकात आहे. कोरेशाच्या धोरणाची साक्ष देणारा मातीचा एक लंबगोल लेख 1879 मध्ये बॅबिलोनमध्ये सापडला. लांबी जेमतेम वीतभर. एरवी तो ब्रिटिश म्युझियममध्ये असतो, पण 2013 च्या डिसेंबरात तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता. त्यात यहुद्यांचा किंवा यरुशलेमचा उल्लेख नाही, हेही सांगायला हवं. आधीच्या राजाने गोळा करून आणलेल्या देवमूर्ती आपापल्या ठिकाणी परत पाठवल्या, तिथली माणसं परत वसवली, असं त्यात कोरेश सांगतो. एज्राच्या पुस्तकातली परवानगी या धोरणात चपखल बसते.

परवानगी मिळाली म्हणून सगळे निघाले का? नाही. बाबेलमध्ये त्यांची घरं झाली होती, शेतं होती, देण्याघेण्याचे व्यवहार होते. ‘यहूदाचं गाव’ अशा नावाच्या एका वस्तीतले करारमदार मातीच्या विटांवर आज उपलब्ध आहेत, आणि निप्पूर शहरातल्या मुराशू नावाच्या सावकारी घराण्याच्या दप्तरात परतीनंतर शंभर वर्षांनीही यहुदी नावं दिसतात. म्हणजे पुष्कळजण राहिले. त्यांना वाईट म्हणायचं कारण नाही. आपल्यातलेही निम्मे पुण्या-मुंबईहून आणि चारपाच जण परदेशातून आजच्यापुरते आले आहेत, आणि उद्या परत जाणार आहेत.

जे गेले, त्यांची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. वाचायला अतिशय रुक्ष. बेथलेहेमचे 123, अनाथोथचे 128, यरीहोचे 345. गाणारे 128, द्वारपाळ 139, आणि मंदिराच्या सेवेत ज्यांची सर्वांत जास्त गरज, ते लेवी मात्र फक्त 74. एकूण 42,360 माणसं, शिवाय 7,337 दासदासी. घोडे 736, खेचरं 245, उंट 435, गाढवं 6,720. गंमत म्हणजे यादीतल्या आकड्यांची बेरीज केली तर ती 29,818 येते, 42,360 येत नाही. बेरीज न जुळणारी ही यादी अडीच हजार वर्षं जपून ठेवली गेली. आपल्या मेळाव्याची यादी करणाऱ्या मित्रांनी त्यातून धीर घ्यावा.

या यादीत एक दुःखाची ओळ आहे. 652 माणसं अशी होती, ज्यांना आपलं कूळ सिद्ध करता आलं नाही. काही याजक घराण्यांनी वंशावळीत आपली नावं शोधली, ती सापडली नाहीत, आणि त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आलं. इतका प्रवास करून घरी पोहोचायचं आणि दारात कोणी तुमचा कागद मागायचा.

ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना रायगडात ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, ते आपलेच मराठी बोलणारे यहुदी. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं, अशी त्यांची परंपरा सांगते. गावावरून पडलेली त्यांची ‘कर’ लावलेली आडनावं आपल्या हजेरीपटातही होती. 1948 नंतर त्यांच्यातले हजारो इस्रायलला गेले. आणि तिथे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला काही धर्मगुरूंनी त्यांच्या विवाहसंबंधांबाबत शंका काढली, पूर्वजांची चौकशी मागितली. त्यांना आंदोलन करावं लागलं. 1964 साली त्यांचं समान स्थान मान्य झालं. एज्राच्या यादीतली ती 652 माणसं मला कायम या लोकांच्या चेहऱ्यांनी दिसतात. हजारो वर्षं शनिवार पाळून घरी परतलेल्या माणसाला ‘तू आमचाच कशावरून?’ असं विचारणं फार लागतं.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. जरुब्बाबेल आणि महायाजक येशूवा या दोघांनी पोहोचल्यावर आधी वेदी बांधली, उघड्यावर. मंदिराचा पाया पडण्याआधी उपासना आणि सण सुरू केले. इमारत नंतर, तास आधी. मग वर्गणी झाली. तिचेही आकडे लिहून ठेवले आहेत. गवंड्यांना आणि सुतारांना पैसे दिले. लबानोनच्या देवदाराची लाकडं समुद्रमार्गे याफोला आणण्यासाठी सोर आणि सीदोनच्या लोकांना धान्य, पेय आणि तेल दिलं. परतल्याच्या दुसऱ्या वर्षी पाया घातला गेला. याजक कर्णे घेऊन उभे राहिले, लेवींनी झांजा वाजवल्या, लोकांनी मोठ्याने जयघोष केला.

त्याच वेळी काही म्हातारी माणसं मोठ्याने रडत होती. ही ती माणसं, ज्यांनी पहिलं मंदिर लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. मंदिर जळाल्याला साधारण पन्नास वर्षं झाली होती. म्हणजे तेव्हाचा दहा-बारा वर्षांचा मुलगा आता साठीच्या पुढे होता. आपल्याच वयाचा, मंडळी. त्याच्या डोळ्यांसमोर शलमोनाचं सोन्याने मढवलेलं मंदिर होतं, आणि समोर जमिनीत बसवलेले चार दगड. तो रडला. शेजारी त्याचा नातू ओरडून नाचत होता, कारण त्याला ते चार दगड म्हणजे आयुष्यात पाहिलेली सर्वांत मोठी गोष्ट होती. एज्राचा लेखक सांगतो की आनंदाचा आवाज कोणता आणि रडण्याचा कोणता हे लोकांना वेगळं ओळखता येईना, आणि तो गलका लांबवर ऐकू गेला.

मी हा प्रसंग वर्गात पुष्कळ वेळा सांगितला आहे. त्यात एक गोष्ट मला फार आवडते. जरुब्बाबेलाने रडणाऱ्यांना गप्प केलं, असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि त्यांच्या रडण्यामुळे पाया घालणं थांबवलं, असंही लिहिलेलं नाही.

काम थांबलं ते नंतर, आणि वेगळ्या कारणांनी. आजूबाजूला राहणाऱ्या लोकांनी, ज्यांना अश्शूरच्या राजांनी तिथे आणून वसवलं होतं, ‘आम्हीही तुमच्याबरोबर बांधतो’ असं म्हटलं. जरुब्बाबेल आणि इतर वडीलधाऱ्यांनी नकार दिला: परवानगी आम्हाला आहे, आम्हीच बांधू. तो नकार योग्य होता का? एज्राचं पुस्तक त्या लोकांना शत्रूच म्हणतं. माझं मत विचाराल तर आपली ओळख पुसली जाईल ही भीती खरी होती, पण त्या नकाराची किंमतही खरी होती. नाकारलेल्या लोकांनी दरबारात माणसं पेरली, कामकऱ्यांना घाबरवलं, आणि काम बंद पडलं. पंधरा-सोळा वर्षं.

पंधरा-सोळा वर्षं म्हणजे पायात गवत वाढतं, बकऱ्या चरतात. पाया घालताना नाचलेला नातू आता संसारी माणूस झालेला असतो. आणि लोकांना त्याची सवय होते. ‘अजून वेळ आलेली नाही’ असं प्रत्येकजण म्हणू लागतो.

इसवी सनपूर्व 520. पारसच्या गादीवर दारयावेश, म्हणजे पहिला डरायस. त्याच्या दुसऱ्या वर्षी हाग्गय नावाचा संदेष्टा उभा राहिला. त्याचं पुस्तक अवघ्या दोन अध्यायांचं, 38 ओव्यांचं. पण प्रत्येक भाषणावर तारीख घातलेली. त्याने फारसं तत्त्वज्ञान सांगितलं नाही. सरळ विचारलं की तुमच्या स्वतःच्या घरांना लाकडी तक्तपोशी करायला वेळ आहे, मग हेच घर ओसाड का? पीक कमी येतंय, कमाई पुरत नाही, हे सगळं त्याने लोकांसमोर मांडलं. आणि बोलला तो थेट जरुब्बाबेलाचं नाव घेऊन. सहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी तो बोलला आणि त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशी काम सुरू झालं. पंधरा-सोळा वर्षं अडलेलं काम तेवीस दिवसांत!

महिन्याभराने हाग्गय पुन्हा बोलला. या वेळी त्याचा रोख म्हाताऱ्यांकडे होता. ज्यांनी जुनं वैभव पाहिलंय, त्यांना हे काहीच नाही असं वाटतंय ना, असं त्याने उघड विचारलं. त्यांचं म्हणणं खोडलं नाही. ते मान्य करून मग तो जरुब्बाबेलाला, येशूवाला आणि सगळ्या लोकांना म्हणाला, हिंमत धरा आणि काम करा. त्याच सुमारास दुसरा संदेष्टा जखऱ्या पुढे आला. त्याच्या दृष्टान्तात जरुब्बाबेलाच्या हातात ओळंबा आहे. तलवार नाही, राजदंड नाही, गवंड्याचा ओळंबा. लहान सुरुवातीला तुच्छ लेखणाऱ्यांनाही तो ओळंबा पाहून आनंद होईल, अशा अर्थाचं तो सांगतो. राजाच्या नातवाचं इतकं साधं आणि इतकं मोठं चित्र मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

काम सुरू होताच सरकारी चौकशी आली. नदीपलीकडच्या प्रांताचा सुभेदार तत्तनइ स्वतः आला. याचंही नाव बॅबिलोनच्या एका मातीच्या दस्तऐवजात आहे, इसवी सनपूर्व 502 च्या. ‘बांधकामाची परवानगी कोणी दिली? पुढाऱ्यांची नावं द्या.’ त्याने दारयावेशाला पत्र पाठवलं. बाबेलचं दप्तर शोधायचा हुकूम झाला, पण कोरेशाचा हुकूमनामा सापडला तो मेदी देशातल्या अहमथा शहराच्या राजवाड्यात. त्यात मंदिराची उंची-रुंदी होती, दगडांच्या तीन थरांमागे लाकडाचा एक थर असावा हे होतं, आणि खर्च राजाच्या तिजोरीतून करायचा, हेही होतं. दारयावेशाने सुभेदाराला कळवलं: अडवू नका, उलट खर्च द्या.

यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, उत्तर येईपर्यंत त्यांनी काम थांबवलं नाही. आणि दुसरी, कुठल्यातरी कारकुनाने अठरा वर्षांपूर्वीचा एक कागद नीट ठेवला होता, म्हणून मंदिर झालं. दप्तर सांभाळणाऱ्यांची आरती कोणी करत नाही. करायला हवी.

दारयावेशाच्या सहाव्या वर्षी, अदार महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे इसवी सनपूर्व 515 च्या मार्चमध्ये, मंदिर पुरं झालं. मोठा उत्सव झाला. आणि त्या उत्सवाच्या वर्णनात जरुब्बाबेलाचं नाव नाही.

हाग्गयाच्या शेवटच्या संदेशात देव त्याला आपल्या मुद्रेच्या अंगठीसारखा करणार आहे, असं आहे. याच अंगठीच्या उपमेने यिर्मयाने आजोबाला झिडकारलं होतं. म्हणजे आजोबाच्या हातून गेलेलं नातवाला परत मिळणार होतं. लोकांना बहुधा पुन्हा राजा मिळेल अशी आशा होती. तसं झालं नाही. जरुब्बाबेल कागदावरून नाहीसा झाला. पारसच्या सरकारने त्याला हटवलं, असा तर्क काहीजण करतात, पुरावा नाही. पुढच्या लोकांना ही उणीव सहन झाली नाही, म्हणून त्यांनी त्याच्यावर एक सुंदर गोष्ट रचली. दारयावेशाच्या तीन पहारेकऱ्यांत पैज लागते: जगात सर्वांत बलवान काय? पहिला म्हणतो मद्य, दुसरा म्हणतो राजा. तिसरा, म्हणजे जरुब्बाबेल, म्हणतो स्त्रिया, पण सर्वांवर मात करतं ते सत्य. तो जिंकतो आणि बक्षीस म्हणून यरुशलेम बांधण्याचं वचन मागून घेतो. आपल्या वक्तृत्व स्पर्धेचा ढाल घेऊन जाणारा मुलगाच जणू. इतिहास म्हणून ही गोष्ट टिकत नाही, पण लोकांचं त्याच्यावर किती प्रेम होतं ते तिच्यातून कळतं.

आणि ते चार दगड? शलमोनाचं मंदिर पावणेचारशे वर्षांच्या आसपास उभं होतं. जरुब्बाबेलाच्या पायापासून सुरू झालेलं दुसरं मंदिर, हेरोदाने नंतर केलेल्या मोठ्या विस्तारासह, इसवी सन 70 पर्यंत, म्हणजे सुमारे 585 वर्षं उपासनेचं ठिकाण राहिलं. जे पाहून म्हातारे रडले, ते जास्त टिकलं.

आता डाव्या हाताकडे येतो. आपली कौलारू शाळा पाडली गेली. नव्या इमारतीचं जोतं झालं, कॉलम उभे राहिले, आणि दोन पावसाळे झाले, सळ्यांना गंज चढतो आहे. आपल्यात दोन तट आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. काहींना वाटतं, जुनी इमारत गेली तिथेच शाळा संपली, आता कशाला पैसे द्यायचे? काहींना वाटतं, रडगाणं पुरे, जुन्या गोष्टींचं नाव काढू नका. सकाळी चहाच्या वेळी यावरून आवाजही चढले.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुनं पाहिलेल्यांना रडू द्यावं. ती कौलं, तो घंटेचा लोखंडी तुकडा, सातवीच्या वर्गातली ती गळकी खिडकी आम्ही पाहिली आहे. ते वैभव नव्या काँक्रीटमध्ये येणार नाही, हे खरं आहे. पण पत्र्याच्या शेडमध्ये आज जी मुलं शिकतात, त्यांनी कौलारू शाळा पाहिलेलीच नाही. त्यांच्यासाठी हे उघडे कॉलम म्हणजेच शाळा आहे. त्यांचा आनंद आपल्या दुःखाने अडवायचा अधिकार आपल्याला नाही.

दुपारच्या सत्रात तीन गोष्टी ठरवाव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली, नाकारलेली मदत पुन्हा विचारात घ्यावी. नंतरच्या तुकड्यांनी आणि गावातल्या बिगर-माजी विद्यार्थ्यांनी हात पुढे केला होता; ‘आमचीच शाळा, आम्हीच बांधू’ हे वाक्य किती महाग पडतं, ते आता ऐकलंत. दुसरी, शाळेचे जुने दाखले, परवानग्या आणि हजेरीपट यांची एक प्रत करून सुरक्षित ठेवावी. अहमथाचा तो कारकून विसरू नका. तिसरी, देणगीदारांच्या नावांच्या फलकावरचा वाद आजच मिटवावा. ज्याने पाया घातला त्याचंच नाव उद्घाटनाच्या वर्णनात नसूनही मंदिर उभं राहिलं.

हाग्गयाला तेवीस दिवस लागले. आज रविवार आहे. गवंडी मिस्त्रींना मी येताना विचारलं. सळ्या घासून पुन्हा काम सुरू करायला त्यांना पंधरा दिवसांची पूर्वसूचना हवी आहे. म्हणजे आज ठराव झाला तर आपण हाग्गयाच्या आठ दिवस आधी सुरू करू.

बाई, वेळेत संपवलं. नमस्कार.